रोजच्या मृत्यूंना नेमकं कुठलं वितरण लावू? नॉर्मल बसत नाही, पॉयसाँ तर मुळीच नाही

ओढ्याकाठची:

नमस्कार मंडळी. मी एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय मीच हट्टाने घेतला आणि आता निस्तरता येईना. विषय असा: महाराष्ट्रातले कोविडचे रोजचे मृत्यू, मार्च २०२० ते डिसेंबर २०२१. सरांनी एका वाक्यात निकाल लावला होता, "मोजणीचे आकडे आहेत ना? पॉयसाँ लाव, काय-स्क्वेअर काढ, संपलं." (पॉयसाँ हे एक वितरण, म्हणजे कुठला आकडा किती वेळा यावा त्याचा नियम; काय-स्क्वेअर म्हणजे तो नियम कितपत बसतो त्याची चाचणी. आमच्या वर्गात सगळे पॉयसाँला पॉयझन म्हणतात. या विषयात ते कानाला बरं वाटत नाही.)

तर लावला. पॉयसाँमध्ये सरासरी आणि व्हेरियन्स (आकड्यांचा विखुरलेपणा) सारखे यायला हवेत, माझा व्हेरियन्स सरासरीच्या शेकडो पट आला. काय-स्क्वेअरचा आकडा रकान्यात मावेना, एक्सेलने नुसत्या जाळ्या दाखवल्या. मग नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचा सममित वक्र, घेतला. दोन लाटा म्हणजे दोन उंचवटे, तिथेच ते फसलं. फक्त दुसरी लाट कापून घेतली तर चढण छान बसते, पण उतरताना खरे आकडे वक्राच्या वर रेंगाळत राहतात. शिवाय १६ जून २०२० ला एक असा सुळका आहे की तो काढून टाकू की ठेवू, कळत नाही. मैत्रीण म्हणते निगेटिव्ह बायनॉमियल. एका व्हिडिओत एक जण गॉम्पर्ट्झ गॉम्पर्ट्झ करत होता.

अजून एक. याचा गणिताशी संबंध आहे की नाही, माहीत नाही. माझी आजी मे २०२१ मध्ये घरीच गेली. ताप, धाप, चार दिवस. चाचणी झालीच नाही, तालुक्याला न्यायला गाडी मिळाली नाही. फाईल उघडली की मी त्या तारखेच्या ओळीवर थांबते. त्या आकड्यात ती नाही. मग मी हा वक्र नक्की कशाला बसवतेय?

झटपट_पाटील:

निगेटिव्ह बायनॉमियल लाव. दोन पॅरामीटर आहेत, ओढूनताणून बसतंच. व्हायव्हाला विचारलं तर "ओव्हरडिस्पर्शन" (व्हेरियन्स सरासरीहून जास्त) एवढं म्हण आणि गप्प राहा, बाहेरचे परीक्षक चहा प्यायला आलेले असतात.

नोंदवही:

पाटील, तुमच्यासारखे परीक्षक भेटले असते तर मीही पीएचडी झालो असतो.

ओढ्याकाठची, मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात सांख्यिकी सहाय्यक होतो. आता निवृत्त. मृत्यूचा अहवाल म्हणजे नमुना क्रमांक २, त्याचे गठ्ठे बांधण्यात आणि सोडण्यात हयात गेली. कॉलेजात शिकलेलं बरंचसं विसरलो, पण आकडा टेबलावर कसा येतो ते माहीत आहे. म्हणून लांबण लावतो, कंटाळा आला तर सोडून दे.

पहिली गोष्ट. मला वाटतं, तू सहाशेहून जास्त दिवस एका पोत्यात ओतलेस आणि मग "इतके मृत्यू असलेले दिवस किती" असा तक्ता करून त्याला पॉयसाँ लावलास. व्हेरियन्स शेकडो पट येणारच. पॉयसाँ फक्त एवढंच सांगतो की एखाद्या दिवशी ४०० मृत्यू अपेक्षित असतील तर निव्वळ योगायोगाने आकडा किती इकडेतिकडे होईल. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणजे बहुतेक वेळा ३६० ते ४४० च्या आत. पण जानेवारी २०२१ ची अपेक्षा आणि एप्रिल २०२१ ची अपेक्षा एक आहे का? जूनचा आणि जानेवारीचा पाऊस एकाच पर्जन्यमापकात साठवायचा आणि म्हणायचं, वितरण चुकलं!

लाटेचा आकार ही एक गोष्ट आणि त्या आकाराभोवती रोजची थरथर ही दुसरी. नॉर्मल तू पहिलीसाठी घेतलास, पॉयसाँ दुसरीसाठी. त्यांची आपसात स्पर्धाच नाही. आधी अपेक्षेची गुळगुळीत रेघ काढ, मग त्या रेघेभोवती थरथर किती ते पाहा. तेव्हाही व्हेरियन्स जास्त निघाला (निघेलच) तर निगेटिव्ह बायनॉमियलकडे जा. त्याचा अर्थ "बसतं म्हणून" असा नाही. अपेक्षा स्वतःच रोज थोडी डळमळते, आणि ते डळमळणं गॅमा या एका बाजूला लांब शेपूट असलेल्या वितरणासारखं आहे असं मानलं की पॉयसाँचा निगेटिव्ह बायनॉमियल होतो. डळमळतं कशाने? रविवारी कारकून नसतो, सोमवारी यादी तुटपुंजी जाते, मंगळवारी दोन दिवसांचं एकत्र. विषाणूला रविवार नसतो, आम्हाला होता.

आता तुझा सुळका. १६ जून २०२० ला राज्याने जुळवणी करून आधीचे १,३२८ मृत्यू एकदम जोडले. त्यातले ८६२ एकट्या मुंबईचे होते. म्हणजे ती माणसं त्या दिवशी गेली नाहीत, कागदावर आली. पुढच्या वर्षी १० जूनला देशाचा आकडा ६,१४८ झाला, कारण बिहारने जुने ३,९५१ मृत्यू आदल्या दिवशी घातले. असला सुळका काढूनही टाकायचा नाही आणि त्या तारखेवर ठेवायचाही नाही. ती माणसं मागच्या आठवड्यांत परत पाठवायची असतात. कुठल्या दिवशी किती, ते माहीत नसतं, आणि वितरण लागतं ते नेमकं इथे: मृत्यू आणि नोंद यांच्यात किती दिवस गेले, त्याचं.

उतार रेंगाळतो तोही याच जातीचा प्रश्न. संसर्ग एका दिवशी, लक्षणं पाचेक दिवसांनी, आणि जे जातात ते लक्षणांनंतर सरासरी अठराएक दिवसांनी. सुरुवातीच्या चिनी आकड्यांवरून हा अंदाज निघाला होता. पण सरासरी अठरा म्हणजे सगळे अठराव्या दिवशी नाहीत. कोणी आठवड्यात जातो, कोणी दीड महिना व्हेंटिलेटरवर काढतो. उजवीकडे लांब शेपूट असलेला गॅमा बसतो तो इथे. संसर्गाची लाट कितीही झटकन ओसरली तरी मृत्यूंची लाट या शेपटीतून गाळून येते, म्हणून उतार सपाट. तुझा सममित नॉर्मल तिथे हरणारच.

सममित वक्राचा मोह मात्र जुना आहे आणि त्याची सगळ्यात प्रसिद्ध आकृती आपल्या मुंबईची आहे. १९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोघांनी साथींच्या गणितावर जो लेख लिहिला, त्यात खऱ्या आकड्यांचा आलेख एकच: मुंबई बेटावरचे प्लेगचे साप्ताहिक मृत्यू, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्याची दृष्टी गेली होती. मॅकेन्ड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर, कसौलीला काम केलेला. त्यांचं सूत्र: आठवड्याचे मृत्यू = ८९० × हायपरबोलिक सेकंटचा वर्ग, आणि कंसात (०.२ × आठवडा − ३.४).

हे बिचकवणारं दिसतं, पण कागद घेऊन बस. कंस शून्य होतो सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिल १९०६ च्या मध्याला. तो शिखराचा आठवडा, ८९० मृत्यू. वक्राखालचं सगळं क्षेत्रफळ ८९० × २ ÷ ०.२, म्हणजे ८,९००. आणि सेकंटचा वर्ग म्हणजे दुसरं काही नाही, तुमच्या पुस्तकातल्या लॉजिस्टिक वितरणाची घनता, घंटेसारखाच सममित वक्र. माध्य १७ आठवडे, मापक अडीच आठवडे, प्रमाण विचलन साडेचार आठवड्यांच्या आसपास. एका शहराचे आठ हजार नऊशे मृत्यू तीन आकड्यांत! पहिल्यांदा हे मांडून पाहिलं तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

गिरगावकर:

नोंदवही काका, आकृती सुंदर आहे, पण तिच्यामागचं कारण लंगडं आहे हेही पोरीला सांगा. त्या समीकरणात रोग माणसाकडून माणसाकडे जातो आणि लागण होण्याजोगी माणसं कमी पडली की साथ विझते. मुंबईचा प्लेग उंदरांचा होता. घूस-उंदीर मेले की त्यांच्यावरच्या पिसवा माणसाकडे वळायच्या. आणि साथ १८९६ पासून दरवर्षी यायची, हिवाळ्यात वाढून उन्हाळा तापला की ओसरायची. १९०६ च्या एप्रिलनंतर मुंबईत लागण होण्याजोगी माणसं संपली होती का? पुढच्या वर्षी पुन्हा हजर! वक्र मुंबईला बसला, पण ज्या कारणासाठी बसायला हवा होता त्या कारणासाठी नाही.

आमच्या खापरपणजोबांचं बिऱ्हाड मांडवीला होतं. डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी १८९६ च्या सप्टेंबरात पहिला रुग्ण ओळखला तो त्याच वस्तीत. घरात सांगत आलेत की चाळीत उंदीर पडला की लोक गाशा गुंडाळून गावी निघत. म्हणजे मृत्यूंचा वक्र उतरायला माणसं मरावीच लागतात असं नाही, ती पळालेलीही असू शकतात. ते सूत्रात कुठे आहे?

आणि नुसता आकार पुढे ओढायचा उद्योग किती महागात पडतो, त्याचं उदाहरण. विल्यम फार या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १८४० मध्ये इंग्लंडातल्या देवीच्या मृत्यूंवरून दाखवलं की आकडे घंटेच्या आकारात चढतात-उतरतात. त्याचाच नियम १९९० मध्ये दोघा अमेरिकी तज्ज्ञांनी एड्सला लावला: साथ शिखर ओलांडून गेली, नव्वदीच्या मध्यापर्यंत संपेल, अमेरिकेत एकूण साधारण २ लाख रुग्ण. १९९५ मध्ये नोंद ५ लाखांच्या पुढे गेली. २०२० मध्ये आरोग्याचे अंदाज बांधणाऱ्या सिएटलच्या आयएचएमई या संस्थेनेही सुरुवातीला मृत्यूंच्या बेरजेला नॉर्मलचा संचयी वक्रच लावला होता. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा अंदाज ऑगस्टपर्यंत साधारण ६० हजार मृत्यू असा होता. अमेरिकेने ६० हजार एप्रिल संपायच्या आतच ओलांडले.

नोंदवही:

गिरगावकर, मान्य. चढणीवरून उतरण ओळखता येत नाही. घाट चढताना पलीकडे दरी आहे की पठार, ते एसटीच्या खिडकीतून दिसत नाही.

पण मॅकेन्ड्रिकला एवढ्यावर सोडू नका. त्याचं दुसरं काम मला जास्त आवडतं, आणि ओढ्याकाठची, तुझ्या शेवटच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. १९२६ च्या एका लेखात त्याने हिंदुस्थानातल्या एका खेड्यातली पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ घेतली. घरं २२३. त्यातल्या १६८ घरांत एकही रुग्ण नाही. ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन, एका घरात चार. एकूण रुग्ण ८६.

आता पॉयसाँ लाव. घरामागे सरासरी ०.३९. तेवढ्यावर शून्याची घरं १५२ च्या आसपास यायला हवीत, आहेत १६८. एक रुग्णाची घरं ५८-५९ हवीत, आहेत ३२. बसत नाही. तू किंवा मी इथे वितरण बदललं असतं. त्याने शून्यावर संशय घेतला. शून्याची घरं झाकून ठेवली आणि फक्त १, २, ३, ४ वाल्या घरांकडे पाहून विचारलं, हे आकडे पॉयसाँचे असतील तर मुळात किती घरं धोक्यात होती? उत्तर आलं ९३. म्हणजे नशिबाने वाचलेली घरं ३८ आणि उरलेली १३० घरं त्या खेळात नव्हतीच. त्याचा अंदाज असा की गावात अनेक विहिरी असाव्यात आणि ही ९३ घरं एकाच दूषित विहिरीचं पाणी पीत असावीत.

साथीच्या दिवसांत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायला मी ग्रामसेवकाबरोबर कितीदा गेलोय. कुठली विहीर आधी, हे आम्ही गावातल्या बाईला विचारून ठरवायचो. मॅकेन्ड्रिकने ते कागदावर विचारलं. दोन्ही पद्धती चालतात, बाई जास्त लवकर सांगते.

सांगायचं हे की शून्य दोन जातीचे असतात. तुझ्या फाईलमध्ये एखाद्या तालुक्यापुढे त्या दिवशी शून्य असेल तर कोणी गेलं नाही, की कोणी मोजलं नाही? तुझी आजी या दुसऱ्या शून्यात आहे.

विमा_गणित:

मी पेन्शन आणि विम्याचं गणित करतो, त्यामुळे गॉम्पर्ट्झ माझ्या वाट्याचा. त्या नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि व्हिडिओवाले त्या हमखास कालवतात. एक म्हणजे वाढीचा वक्र, एकूण मृत्यूंची बेरीज कशी चढते आणि मंदावते त्याचा. तो नॉर्मलसारखा सममित नाही, उतार लांबट देतो, म्हणून २०२० मध्ये बऱ्याच जणांनी वापरला. गिरगावकरांनी वर केलेली टीका त्यालाही तशीच लागू आहे.

दुसरा, मूळचा, १८२५ चा. बेंजामिन गॉम्पर्ट्झ लंडनचा विमागणिती. त्याचं म्हणणं, प्रौढपणी मृत्यूचा धोका वयाबरोबर चक्रवाढीने वाढतो. आजच्या तक्त्यांत तो ढोबळमानाने दर आठेक वर्षांनी दुप्पट होतो. कोविडचा धोका याच घराण्यातला, फक्त चढण अधिक तीव्र. श्रीमंत देशांच्या आकड्यांवरून २०२० मध्ये जो अंदाज निघाला त्यात संसर्ग झालेल्यांपैकी मृत्यू ५५ व्या वर्षी ०.४ टक्के, ६५ ला १.४, ७५ ला ४.६, ८५ ला १५ टक्के. भागाकार करून बघा, साधारण साडेपाच-सहा वर्षांनी दुप्पट. म्हणून "मृत्युदर इतका टक्के" असा एकच आकडा मला कोणी सांगितला की मी आधी विचारतो, कोणत्या वयाच्या गावाचा? मुलं पुण्या-मुंबईला आणि म्हातारी माणसं मागे, अशा गावाचा दर वेगळाच येणार.

मात्र हे प्रत्येक साथीला चालत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने वीस ते चाळिशीची माणसं ओढून नेली. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले, आणि त्या साथीत आपल्याकडे बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. धोक्याचा लॉगरिदम घेतला की गॉम्पर्ट्झची सरळ रेघ येते; तिच्यावर तरुणांचा असा टेंगूळ उठला की ती मोडते.

ओढ्याकाठची:

एवढं लिहिलंत सगळ्यांनी, मी दोनदा वाचलं. काल रात्री पोतं सोडलं. आधी गुळगुळीत रेघ, मग वारानुसार दुरुस्ती, मग उरलेली थरथर. व्हेरियन्स आणि सरासरीचं गुणोत्तर शेकड्यांतून खाली आलं, तरी एकाच्या जवळपास नाही. म्हणजे निगेटिव्ह बायनॉमियल, पण आता का ते सांगता येईल. सोमवार खरंच बुटका निघाला. प्लेगचा वक्रही काढून पाहिला. ८,९०० आले तेव्हा मीही खूश झाले, आणि काकांना झालं तेच मला झालं.

पण काका, दुसऱ्या शून्याचं काय करू? फाईलमध्ये जे नाही त्याला वितरण कसं लावायचं? आजीच्या दाखल्यावर कारणच लिहिलेलं नाही. मला वाटलं आमच्याकडून काही राहिलं.

नोंदवही:

तुमच्याकडून काही राहिलं नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापायचं नसतं, कायद्यानेच. कारण वेगळ्या कागदावर असतं, आणि घरी गेलेल्या माणसाचं बहुधा तिथेही धड नसतं.

म्हणून कारण विचारायचंच नाही. माणूस गेला, एवढंच मोजायचं आणि नेहमीपेक्षा किती जास्त गेले ते पाहायचं. जास्तीचे मृत्यू म्हणतात ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२०-२१ या दोन वर्षांसाठी भारताचा अंदाज ४७ लाख दिला, त्याच दोन वर्षांची सरकारी कोविड नोंद ४.८ लाखांच्या आसपास होती. सरकारने त्या पद्धतीवर हरकत घेतली. त्या वादात तू पडू नकोस, तुझ्या प्रोजेक्टला तो झेपणार नाही. तू तुझं एक गाव घे.

समजा गाव ६,००० वस्तीचं. साथीआधी आपल्याकडे वर्षाला हजारी सहाएक माणसं जायची. म्हणजे वर्षाला ३६, महिन्याला ३. इथे तुझ्या सरांचा पॉयसाँ अगदी चपखल बसतो: लहान आकडे, एकमेकांशी संबंध नसलेले. अपेक्षा ३ असताना एखाद्या महिन्यात ९ किंवा जास्त मृत्यू येण्याची शक्यता हजारात चारच्या आसपास, तक्त्यात बघून घे. मग मे २०२१ पुढे किती आहेत ते मोज. वितरणाने इथे वक्र काढायचा नाही, "हे नेहमीचं नव्हतं" एवढं म्हणायला आधार द्यायचा आहे.

ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंदवही असते. कॉलेजचं पत्र घेऊन जा, नावं मागू नकोस, फक्त महिन्यावार बेरजा माग, २०१५ ते २०१९ आणि मग २०२०, २०२१. बेरीज मृत्यूच्या तारखेने करायला सांग, नोंदणीच्या तारखेने नको. मुदत २१ दिवसांची असते आणि त्या मे महिन्यात कोण वेळेत आलं असेल? उशिराच्या नोंदी जून-जुलैच्या पानांवर असतील, काही त्याहून पुढे. आणि जे गावचे पण शहरातल्या दवाखान्यात गेले, त्यांची नोंद तिथल्या पालिकेकडे आहे. ती तुला या वहीत सापडणार नाहीत, तसं प्रोजेक्टमध्ये स्पष्ट लिही.

आजी घरी गेली ना? मग ती या वहीत आहे.

झटपट_पाटील:

काका, मी माझा सल्ला मागे घेतो. ओढ्याकाठची, बेरजा टाइप करायला माणूस लागला तर सांग, मी तुझ्याच जिल्ह्यातला दिसतोय.

ओढ्याकाठची:

आमच्याकडे ग्रामसेवक मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, दुसऱ्या गावाचाही चार्ज आहे त्यांच्याकडे. पत्रावर सरांची सही सोमवारी घेते. उशिरा नोंद आम्हीही केली होती, बाबा जुलैत गेले होते पंचायतीत. म्हणजे जुलैची पानंही बघायला हवीत.